गाठ मोठी म्हणजे सगळंच काढायचं का?

मागच्या अंकात छातीतल्या साध्या गाठींवर चार ओळी लिहिल्या आणि एवढे मेसेज आले की शेवटी ठरवलं, या वेळी शुगरचे प्रश्न राहूदेत बाजूला, अख्खं सदर याच विषयाला. बरेचसे मेसेज रात्री अकरानंतरचे आहेत, म्हणजे घरातले सगळे झोपल्यावर टाइप केलेले, कळतं मला ते. नावं कुणाचीच देत नाहीये, गावंसुद्धा नाही, फक्त तालुका.

डॉक्टरबाई, मुलगी सोळा वर्षांची, दहावी झाली यंदा. गेल्या गणपतीत डाव्या छातीत गाठ आहे म्हणाली तेव्हा लिंबाएवढी होती, मला वाटलं वयात येताना होतं असं. आता डावी बाजू उजवीच्या दुप्पट झालीय, वरून निळ्या शिरा दिसतात. माझी सासू म्हणते, "चेडू आता वाकान चलता, कोणाकडे बघणा नाय", म्हणजे पोरगी वाकून चालते, कोणाकडे बघत नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं एवढी मोठी आहे तर स्तनच काढावा लागेल. ऐकल्यापासून आम्ही दोघं नवराबायको जेवलेलो नाही धड. कॅन्सर असेल का? काढलं तर पुढे तिचं लग्न, मूल, दूध? – एक आई, देवगड तालुका

ताई, आधी जेवा. आणि स्तन काढायला हो म्हणू नका, निदान बायोप्सीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तरी कोणालाच हो म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे हे वय, काही महिन्यांत भराभर वाढ, एकाच बाजूला, ताणलेली कातडी, शिरा, तर या वयात असं बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे स्तनातली साधी गाठ, असतो, त्यातला वयात येतानाचा मोठा होणारा प्रकार. पाच सेंटिमीटरच्या वर गेला की त्याला जायंट म्हणतात, नाव भयंकर आहे पण तो कॅन्सर नव्हे. आणि "दुप्पट झाली" यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे हिशोब. पाच सेंटिमीटरच्या गोल गाठीचं आकारमान साधारण ६५ मिली, म्हणजे अर्धा कप चहा. तीच गाठ दहा सेंटिमीटरची झाली की आकारमान ५२० मिलीच्या घरात, अर्धा लिटरच्या वर. रुंदी दुप्पट, माल आठपट. म्हणून ती अचानक फुगल्यासारखी वाटते आणि घरच्यांना वाटतं काहीतरी भयानक चाललंय.

पण तरी मी पत्र वाचून निदान करत नाही आणि कोणी करू पण नये. सोनोग्राफी करा, या वयात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, लागत नाही. मग कोअर बायोप्सी. आपल्याकडे बऱ्याचदा बारीक सुईने पाणी काढतात तशी तपासणी करतात, एफएनएसी, त्यात नुसत्या सुट्या पेशी मिळतात, आणि मोठ्या गाठीत तेवढ्यावर भागत नाही, कारण फायब्रोअ‍ॅडिनोमासारखीच दिसणारी दुसरी एक गाठ असते, फायलोडीस म्हणून (तिचं पुढे येतंय, चिपळूणच्या वहिनींच्या पत्रात). कोअर बायोप्सीत जरा जाड सुई असते, जागा बधिर करून तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे काढतात, त्यात पेशींची मांडणी दिसते. सुई टोचली की गाठ चिडते, कॅन्सर होतो असं गावात कोणीतरी सांगणारच तुम्हाला. होत नाही.

आता स्तन काढायचं. बघा, गाठ मोठी दिसते म्हणून लोकांना वाटतं की आतला सगळा स्तन गाठीने खाल्लाय. तसं नसतं. फायब्रोअ‍ॅडिनोमाला स्वतःचं गुळगुळीत आवरण असतं आणि मुलीचा स्वतःचा चांगला स्तन त्या गाठीभोवती दाबून पातळ झालेला असतो, भाकरी थापल्यासारखा. गाठ त्या आवरणासकट सुटून येते, फणसाच्या गऱ्यातून आठळी निघते ना तशी, गरा फाडून फेकायला लागत नाही. काढल्यावर तो दाबलेला भाग हळूहळू परत भरतो. म्हणून या ऑपरेशनमध्ये सर्जनचं खरं कौशल्य गाठ काढण्यात नाही, जे पातळ होऊन राहिलंय त्याला हात न लावण्यात आहे. जो "एवढं ढिलं राहिलंय, कापून टाकू" म्हणतो तो त्या मुलीचा पुढे भरून येणारा स्तन कापून टाकतो.

चीर कुठे घ्यायची यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या हातून एकदा चुकलेलं आहे. शिकत होते तेव्हा, अठरा वर्षांची मुलगी, वरच्या आतल्या बाजूला गाठ, मी सरळ गाठीवरच चीर घेतली, सोपं पडतं ना. गाठ आली, रिपोर्ट साधा आला, सगळे खूश. वर्षाने ती परत आली ती व्रण दाखवायला, जाड, लालसर, ब्लाउजच्या गळ्यातून बाहेर दिसणारा. म्हणाली मॅडम गाठ होती तेव्हा निदान कोणाला दिसत तरी नव्हती. त्याच्यावर काय बोलणार. छातीच्या वरच्या मधल्या भागात व्रण जाड होण्याची सवयच असते कातडीला, हे पुस्तकात वाचलेलं होतं मी, पण कळलं त्या दिवशी.

तर तुमच्या मुलीसारख्या केसमध्ये मी स्तनाच्या खालच्या घडीत चीर घेते, जिथे ब्राची पट्टी बसते तिथे. तिथून स्तन वर उचलायचा आणि मागच्या बाजूने गाठ काढायची. व्रण घडीत लपतो, उभं राहिल्यावर दिसतच नाही, दुधाच्या नळ्या पुढच्या बाजूला असतात त्या बऱ्याच सुरक्षित राहतात. ही काही आजची फॅशन नाही बरं का, न्यूयॉर्कच्या गेलार्ड थॉमस नावाच्या डॉक्टरांनी १८८२ साली लेख लिहिला होता याच्यावर, स्तनाची नासधूस न करता साध्या गाठी कशा काढाव्यात म्हणून, आणि त्यांनीही खालच्या घडीतूनच जा असं सांगितलं होतं. त्यामुळे कोणी म्हणालं की एवढी मोठी गाठ काढायची तर स्तन जाणारच, तर विचारायला हरकत नाही की का बुवा.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन. आत पोकळी राहते म्हणून एखादी नळी ठेवतात, एकदोन दिवसांत काढतात. नंतर आधार देणारी घट्ट ब्रा दिवसरात्र, काही आठवडे. आणि हे आधीच सांगते म्हणजे घाबरणार नाही, पट्टी उघडल्यावर ती बाजू रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतलेली, लोंबलेली दिसेल. मुलगी रडेल. तिला ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवा. लहान वयात कातडी आवळते, आतलं भरतं, त्याला सहा महिने ते वर्ष द्यायचं, तेवढ्यात दुसरी काही सर्जरी, इम्प्लांट वगैरे कोणी सुचवलं तर थांबा म्हणायचं. वर्षानंतरही दोन बाजूंत डोळ्यात भरेल असा फरक राहिला तर तेव्हा प्लास्टिक सर्जनकडे जाता येतं.

दूध, मूल, याच्यावर बहुतेक मुलींना काही परिणाम होत नाही. लग्नाचं मी इथे बोलत नाही, ती अकरावीत जाणार आहे. एक मात्र करा, डॉक्टरांकडे गेल्यावर सही तुम्हीच करणार पण बोलायला तिला द्या. या मुली वर्षवर्षभर ओढणी घट्ट धरून, खांदे पुढे काढून चालतात, खो-खो सोडतात, वर्गात मागे बसतात आणि सगळे त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलतात पण त्यांना कोणी विचारत नाही. आणि "गणपती झाल्यावर बघू" हे एकदा झालंय तुमचं, आता परत नको.

मॅडम वय २९, रत्नागिरीत जॉब करते, उजव्या बाजूला सहा सेंमीची गाठ, बायोप्सीत फायब्रोअ‍ॅडिनोमा आलाय. लग्न ठरलंय, मे महिन्यात आहे. १) औषधाने विरघळेल का, एक ओळखीचे गोळ्या देतायत. २) मुंबईला म्हणे सुईनेच खेचून काढतात, टाका नाही, ते होईल का. ३) सासरी सांगू की नको. – रत्नागिरी तालुका

विरघळणार नाही. एखादी छोटी गाठ आपली आपण आक्रसते कधीकधी आणि श्रेय गोळ्यांना मिळतं, पण सहा सेंटिमीटरची गाठ गोळीने गेलेली मी पाहिली नाही.

सुईने खेचतात ते व्हॅक्यूम पद्धतीने, चांगली पद्धत आहे पण छोट्या गाठींसाठी, साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत. तुझी त्यात बसत नाही. तुझ्यासाठी दोन रस्ते, एक वर लिहिला तो खालच्या घडीतला आणि दुसरा निपलभोवतीच्या काळ्या गोलाच्या कडेने अर्धी चीर. त्या कडेला काळी कातडी आणि गोरी कातडी मिळते तिथेच व्रण पडतो त्यामुळे तो डोळ्याला सापडत नाही पटकन, मला स्वतःला तो व्रण आवडतो. पण गोल लहान असेल किंवा गाठ लांब असेल तर ओढाताण होते, निपलची संवेदना थोडी कमी होऊ शकते, दुधाच्या काही नळ्या कापल्या जाऊ शकतात. तुला पुढे मूल हवं असेल तर हे सर्जनला स्पष्ट सांग, बायका सांगत नाहीत आणि आम्ही पुरुष सर्जन असलो काय बाई सर्जन असलो काय, विचारायला विसरतो. गाठ काढल्यावर कातडी फारच जास्त उरली तर त्या गोलाभोवती कातडीची बांगडी काढून आत गोल टाका घालून आवळतात, बटव्याची दोरी ओढावी तसं, बेनेली नावाच्या फ्रेंच सर्जनने १९९० मध्ये ते लिहिलं. तुला सहा सेंटिमीटरला बहुधा त्याची गरज पडणार नाही.

मे महिन्यात लग्न आहे तर आत्ताच करून घे किंवा सरळ लग्नानंतर कर, मधे एप्रिलमध्ये घुसवू नकोस. ऑफिसला आठदहा दिवसांत जाशील, जड उचलणं तीनचार आठवडे नाही, पण व्रण पहिले काही महिने लालच असतो आणि फिका पडायला वर्ष लागतं. जखम पूर्ण भरली की सिलिकॉन जेल लाव, हलका मसाज कर. शालू नेसताना दिसेल का असं पण विचारलंयस खाली, नाही दिसणार.

सासरी काय सांगायचं ते तुझं तू ठरव. हा संसर्ग नाही, कॅन्सर नाही, आनुवंशिक शाप नाही. होणाऱ्या नवऱ्याला मी सांगितलं असतं, पण ते परवानगी मागायला नव्हे, दवाखान्यात डबा आणायला कोणीतरी लागतं म्हणून.

वय ४३. दोन वर्षांपूर्वी गाठ काढली, तेव्हा सुईच्या तपासणीत फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणाले. काढल्यावर रिपोर्ट फाइलला लावून दिला, कोणी काही बोललं नाही. आता त्याच जागी परत आलीय, सोनोग्राफीत नऊ सेंमी. जुना रिपोर्ट मुलीने वाचला तर त्यात बिनाइन फायलोडीस लिहिलंय. म्हणजे काय आणि परत का आली? – चिपळूण तालुका

वहिनी, तुमच्या मुलीला शाबासकी द्या. फाइलमधला रिपोर्ट उघडून वाचणारं माणूस प्रत्येक घरात एक असायला पाहिजे.

फायलोडीस हा ग्रीक शब्द पानावरून आलाय, गाठ कापली की आत पानांच्या घड्या असाव्यात तसं दिसतं. जर्मनीचे योहानेस म्युलर यांनी १८३८ साली नाव ठेवलं आणि त्यात सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, हा शब्द घातला, तो पुढे दीडशे वर्षं लोकांना घाबरवत राहिला, खरं तर यातल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. तीन प्रकार, साधी, मधली आणि कॅन्सरवाली. तुमची साधी होती, बिनाइन म्हणजे तेच. पण साधी असली तरी फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी आठळी नाही ती. बाहेरून गुळगुळीत वाटते पण तिची बारीक बोटं आजूबाजूच्या चांगल्या भागात शिरलेली असतात. आंब्यावरचं बांडगूळ माहितीय ना तुम्हाला, वरून ओरबाडून काढलं तर पुढच्या पावसात परत फुटतं, खाली फांदीचा थोडा भाग घेऊनच कापायला लागतं. तसंच. पहिल्यांदा फायब्रोअ‍ॅडिनोमा समजून नुसती गाठ सोडवली, मुळं राहिली असणार, म्हणून आली. परत येणाऱ्या गाठी बहुतेक पहिल्या दोनतीन वर्षांतच येतात.

आता काय. जुन्या ऑपरेशनच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे काचपट्ट्या आणि मेणात जपलेले गाठीचे तुकडे, लॅबमधून मागून घ्या, ते तुमचे आहेत, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. मॅमोग्राफी करा, तुमच्या वयात ती हवीच. नवीन गाठीची कोअर बायोप्सी करा, कारण परत येताना काही वेळा गाठ आधीपेक्षा वरच्या प्रकारची होऊन येते. मग ऑपरेशन, आणि या वेळी गाठीभोवती चांगल्या भागाची कड घेऊन, पूर्वीपासून साधारण एक सेंटिमीटर धरतात, साध्या प्रकारात हल्ली त्याहून कमी कडही चालते असं बरेच सर्जन मानतात पण परत आलेल्या गाठीत मी कंजूषपणा करत नाही. काखेतल्या गाठी काढायची गरज नसते, कोणी काढू म्हटलं तर कारण विचारा.

कड घेतली की खड्डा पडणार, हे सरळ आहे. मग स्तनाचा आकार टिकवायचा तर उरलेला भाग सरकवून खड्डा भरतात, स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनमध्ये जशी चीर घेतात तशी चीर घेऊन आतली मांडणी नव्याने करतात, निपल थोडं वर नेतात. मोठ्या बांध्याच्या बाईला याचा उलट फायदाच होतो, खांदेदुखी जाते. दुसरी बाजू मोठी राहिली तर तीही त्याच वेळी किंवा नंतर बरोबरीची करता येते. पण स्तन लहान आणि गाठ नऊ सेंटिमीटर असेल, कड घेऊन काही उरणारच नसेल, तर पूर्ण काढून लगेच नवीन बनवणं हाच बरा पर्याय असू शकतो. देवगडच्या मुलीला मी ठामपणे नाही म्हटलं तसं तुम्हाला म्हणता येत नाही मला, दोन गाठी वेगळ्या आहेत.

म्हणून तुम्ही मात्र जरा लांब जा. साधा फायब्रोअ‍ॅडिनोमा रत्नागिरीला, डेरवणला, ओरोसला काढून होईल, त्यासाठी कोकणकन्या पकडायची गरज नाही. तुमच्यासाठी कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघं एका टेबलापाशी उभे राहतील असं ठिकाण बघा, मुंबईला परळचं टाटा आहे, तळकोकणातले लोक गोव्याला बांबोळीला जातात. रेशन कार्ड, आधार बरोबर ठेवा, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतंय का, तारीख घेण्याआधी विचारा, नंतर नाही. ऑपरेशननंतर पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी.

मी बोटीवर असतो. बायको पाच महिन्यांची गरोदर, आधी सुपारीएवढी गाठ होती ती आता मोसंबीएवढी झालीय. आई म्हणते दूध धरलंय. मला फोनवर काय कळणार. – दापोली तालुका

दादा, दूध धरलंय असं पाचव्या महिन्यात आपणच ठरवून टाकायचं नाही. गरोदरपणात हार्मोनमुळे फायब्रोअ‍ॅडिनोमा वाढतो हे खरं, बहुधा तेच असेल, पण सोनोग्राफी आणि कोअर बायोप्सी दोन्ही गरोदरपणात करता येतात, बाळाला धोका नाही, तर या आठवड्यात करायला सांगा. साधी निघाली तर बहुतेक वेळा बाळंतपण आणि अंगावरचं पाजणं होईपर्यंत थांबतात, नंतर ती थोडी लहानही होते. पाजताना ऑपरेशन केलं तर जखमेतून दूध झिरपत राहू शकतं म्हणून ते टाळतात. त्या बाजूने पाजायला हरकत नाही. फारच भराभर वाढली तर मधल्या तीन महिन्यांत ऑपरेशन करता येतं, ते भूल देणाऱ्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी एकत्र ठरवायचं.

माझं वय ६१. गाठ दुखत नाही म्हणजे साधीच ना? – गुहागर तालुका

नाही मावशी. तुमच्या वयात नवीन आलेली न दुखणारी गाठ जास्त लवकर दाखवायची असते. वरचं सगळं उत्तर पोरीबाळींसाठी होतं, ते तुम्हाला लावून घेऊ नका. सोमवारी जा, सुनेला बरोबर घ्या, मॅमोग्राफी होईल तिथेच जा, आणि तुम्ही लिहिलेला तो हळदीचा लेप आजपासून बंद करा, कातडीचा रंग बघायचा असतो आम्हाला.